क्रूसिबल की अ‍ॅली पॅली? एकच तिकीट काढायचं असेल तर

दिवाळी आटोपली की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "यंदा येतोय तिकडे. एकदा तरी स्नूकर समोर बसून बघायचंय. कुठलं तिकीट काढू?" मी लंडनजवळ राहतो आणि आमच्या गोतावळ्यात या खेळाचं वेड असलेला मी एकटाच, त्यामुळे हे खातं आपोआप माझ्याकडे आलंय.

हंगाम भला मोठा आहे. शांघायपासून बर्लिनपर्यंत टेबलं लागतात. पण सुट्टी एकच आणि पैसेही एकाच वारीपुरते असतील, तर प्रश्न शेवटी दोन नावांवर येऊन थांबतो: जानेवारीत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये (लाडाने अ‍ॅली पॅली) होणारी मास्टर्स, आणि एप्रिल-मेमध्ये शेफील्डच्या क्रूसिबल नाट्यगृहात होणारी वर्ल्ड चॅम्पियनशिप. यॉर्कची यूके चॅम्पियनशिप चांगलीच असते, २०२४ मध्ये तिथे जड ट्रम्पने बॅरी हॉकिन्सला १०–८ फ्रेमनी (फ्रेम म्हणजे एक डाव) हरवलं. बर्लिनच्या टेम्पोड्रोममध्ये अडीच हजार माणसं श्वास रोखून बसतात, तेही एकदा अनुभवावं. पण पहिल्यांदाच येणाऱ्याला मी त्या वाटेला लावत नाही.

२०२४–२५ च्या हंगामात मी दोन्हीकडे गेलो होतो. मास्टर्सला एकटा, क्रूसिबलला दादाबरोबर. दादा सांगलीहून आला होता. आम्ही दोघं ज्या टेबलावर खेळायला शिकलो, त्याच्या एका कोपऱ्याकडे कुठलाही बॉल आपोआप वळायचा. लाइट गेले की टेबलाचं भाडं थांबायचं, आणि मालकाशी वाद सुरू व्हायचा. त्या टेबलावरून थेट क्रूसिबल म्हणजे दादाच्या लेखी पंढरपूरच होतं, त्यामुळे तो आषाढीच्या तयारीने आला होता.

क्रूसिबलची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे.

१९७७ पासून ही स्पर्धा तिथे होते आहे. खुर्च्या जेमतेम ९८०. मुळात ते नाटकाचं थिएटर, आणि रंगमंच पुढे आलेला, तीन बाजूंनी प्रेक्षक. त्यामुळे मागच्या रांगेत बसूनही टेबल दूर वाटत नाही. खेळाडू चॉक लावतो तो आवाज ऐकू येतो म्हणतात, आणि मला आला. (दादाला नाही आला. त्याने कानात कॉमेंट्रीचा इअरपीस घातला होता.) स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. शेजारी विंटर गार्डनची काचेची कमान, समोर ट्यूडर स्क्वेअरमध्ये स्नूकरचीच जत्रा. टीव्हीवर पाहिलेला एखादा खेळाडू क्यूची पेटी हातात घेऊन आपल्या शेजारून जातो आणि आपण उगाच चष्मा सारखा करतो.

शिवाय कथानक तिथेच घडतं. १९८५ मध्ये डेनिस टेलरने शेवटच्या ब्लॅकवर स्टीव्ह डेव्हिसला १८–१७ हरवलं ते तिथेच. पहिल्यांदा जिंकलेला विजेता पुढच्या वर्षी हरतो, या शापाची दंतकथाही तिथलीच. आणि २०२५ चा झाओ शिनटाँग! बंदी भोगून परतलेला, हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीत चार मॅच जिंकून आलेला. उपांत्य फेरीत त्याने सात वेळच्या जगज्जेत्या रॉनी ओ'सलिव्हनला १७–७ असं गुंडाळलं, मॅचच्या चौथ्या सत्राची, म्हणजे शेवटच्या बैठकीची, गरजच ठेवली नाही. मग अंतिम फेरीत मार्क विल्यम्सला १८–१२, आणि चीनचा पहिला जगज्जेता. मास्टर्समध्ये हे घडलंच नसतं. तिथे जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या सोळांनाच प्रवेश, मागच्या दाराने कुणी येऊच शकत नाही.

तेव्हा तुम्हाला इतिहास हवा असेल, तर पुढचं वाचू नका. शेफील्डची गाडी बघा.

आता माझ्या मनात काय सलतं ते.

उपांत्य फेरीपर्यंत क्रूसिबलच्या त्या रंगमंचावर दोन टेबलं असतात आणि मध्ये पार्टिशन. तुमचं तिकीट एका बाजूचं. पलीकडून एकदम "ओऽऽ" असा आवाज उठतो, टाळ्या पडतात, तुमच्या टेबलावरचा खेळाडू शॉट सोडून सरळ उभा राहतो, आणि तुम्हाला काहीही कळत नाही. दादा दर दहा मिनिटांनी मला कोपराने ढोसून विचारायचा, "पलीकडे काय झालं रे?" मला तरी काय माहीत! चाळीत शेजारच्या घरी भांडण चालू असावं आणि भिंत जाड निघावी, तसली तगमग. पण हे मी चालवून घेतलं असतं. थोड्या वेळाने त्या आवाजांची सवय होते, गंमतही वाटायला लागते.

चालवून घेता आलं नाही ते दुसरंच. क्रूसिबलला एका तिकिटात तुम्हाला मॅच मिळत नाही. मॅचचा तुकडा मिळतो.

आमचं तिकीट होतं पहिल्याच सकाळचं, शनिवार १९ एप्रिल. गतविजेता कायरन विल्सन विरुद्ध लेई पेइफान, क्रूसिबलला पहिल्यांदाच आलेला पोरगा. पहिल्या फेरीची मॅच बेस्ट ऑफ १९, म्हणजे आधी दहा फ्रेम जिंकेल तो पुढे; सकाळी नऊ फ्रेम आणि उरलेल्या संध्याकाळी. संध्याकाळची तिकिटं मला मिळाली नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी दादाला लंडनमध्ये कुणाकडे तरी जेवायला जायचं होतं. नऊ फ्रेम झाल्या तेव्हा विल्सन ६–३ पुढे होता. दिवे लागले, लोक उठले, आम्हीही उठलो. बाहेर येऊन दादा म्हणाला, "झालं म्हणायचं का मग हे?" मी म्हटलं, झालंच, चॅम्पियन आहे तो, आता चार फ्रेम तर हव्यात.

रात्री घरी पोचलो. वरण-भाताचा कुकर लावला आणि फोन उघडला. लेई पेइफान १०, कायरन विल्सन ९. गतविजेता पहिल्याच दिवशी घरी. शाप खरा ठरला आणि आम्ही त्या दिवशी त्याच गावात, त्याच इमारतीत, त्याच मॅचला होतो. फक्त चुकीच्या अर्ध्याला.

दादा काही बोलला नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर एवढंच म्हणाला, "मध्यंतरालाच उठून आलो आपण."

तेव्हापासून माझं मत जे फिरलं ते फिरलंच. मला मान्य आहे की हा निव्वळ माझ्या नशिबाचा भाग असेल. ज्यांना दोन्ही सत्रांची तिकिटं मिळतात, ज्यांना शेफील्डला दोन रात्री राहता येतं, त्यांच्यासाठी हीच रचना वरदान आहे. मोठ्या मॅचचा रस हळूहळू उतरतो, हे मीही टीव्हीवर वर्षानुवर्षं अनुभवलंय. पण लांबून एकदाच येणाऱ्या माणसाला हा हिशोब परवडत नाही. आणि पुढच्या फेऱ्यांत तो सुधारत नाही, बिघडतो. उपांत्य फेरीत पार्टिशन उठतं, एकच टेबल राहतं, दृश्य अप्रतिम होतं, पण मॅच चार सत्रांची. म्हणजे तिकिटात पाव मॅच. अंतिम सामन्याचंही तेच. २०२५ ला शेवटच्या सोमवारी संध्याकाळी जे आत बसले, त्यांच्यासाठी स्कोअर आधीच १७–८ झालेला होता. विल्यम्सने सलग चार फ्रेम काढल्या म्हणून त्यांना पाच तरी बघायला मिळाल्या. जगज्जेता होताना पाहिला हे खरं, पण तो झाला होता दुपारीच.

अलेक्झांड्रा पॅलेसला हे होत नाही. सोळा खेळाडू, एक टेबल, उपांत्य फेरीपर्यंत सगळ्या मॅच बेस्ट ऑफ ११. दुपारी एकला एक मॅच, संध्याकाळी सातला दुसरी. तुम्ही बसता, मॅच सुरू होते, मॅच संपते, कोणीतरी हरतं, हात मिळवले जातात, तुम्ही उठता. अंतिम सामना तेवढा दोन सत्रांत असतो, तोही एकाच रविवारी. आणि पहिल्या सोळाच्या बाहेरचा कुणी नसल्यामुळे तिकीट कुठल्याही दिवसाचं काढा, समोर दोन नावाजलेले खेळाडू असणारच. (असणारच म्हणताना थोडं चाचरतो. २०२५ ला ओ'सलिव्हनने ऐन वेळी माघार घेतली आणि नील रॉबर्टसन आला. एका माणसासाठी तिकीट काढू नये, हे दोन्ही स्पर्धांना लागू.)

मी त्या जानेवारीत शुक्रवारची उपांत्यपूर्व मॅच पाहिली. दुसऱ्या दिवशी शॉन मर्फीने मार्क अ‍ॅलनविरुद्ध १४७ (एका दमात सगळे बॉल घालून होणारा कमाल स्कोअर) मारला, मास्टर्सच्या इतिहासातला सहावा, आणि रविवारी विल्सनला १०–७ हरवून करंडकही नेला. १४७ मी घरी सोफ्यावर बसून पाहिला. हळहळ वाटली, पण शेफील्डसारखी नाही. शुक्रवारी मी जे बघायला गेलो होतो ते मला पूर्ण मिळालं होतं. जे हुकलं ते दुसऱ्याच्या तिकिटातलं होतं.

अ‍ॅली पॅलीचे दोष लपवणार नाही. टेकडीवर आहे, जानेवारीचा वारा कानात शिरतो, आणि डब्ल्यू-३ बस चढावर धापा टाकते. वर पोचल्यावर सगळं लंडन पायाशी दिसतं, पण ते बघायला हात खिशातून काढवत नाहीत. हॉल मोठा, मांडणी तात्पुरती, त्यामुळे मागच्या रांगेतून टेबल काडेपेटीएवढं दिसतं. पैसे वाचवायला मागचं तिकीट घेऊ नका, एवढा एक सल्ला मात्र ठामपणे देतो. प्रेक्षक क्रूसिबलपेक्षा मोकळे. याच वास्तूत नाताळाच्या सुमारास डार्ट्सची वर्ल्ड चॅम्पियनशिप असते, आणि तिची हवा थोडी मागे राहिलेली असते म्हणा ना. संध्याकाळच्या सत्राला चार ग्लास झालेला एखादा गृहस्थ खेळाडूला नावाने हाक मारतो, तीही नेमकी तो ब्लॅकवर वाकलेला असताना. रेफरी त्याला गप्प करतो, पाच मिनिटांनी तो पुन्हा. म्हणून मी दुपारचं सत्र घेतो. दुपारी निवृत्त मंडळी जास्त, डब्यात सँडविच, आणि चुकलेल्या सेफ्टीवर (बचावाच्या शॉटवर) अगदी आपल्याकडच्या गाण्याच्या बैठकीसारखं हळूच "च्च".

रँकिंगचे गुण मास्टर्सला नाहीत, यावरून काही जण तिला कमी लेखतात. असेल. बक्षिसाचा आकडाही जगज्जेत्याच्या पाच लाख पौंडांच्या खाली, साडेतीन लाख. पण समोर बसलेल्याला खेळाडूच्या चेहऱ्यावर गुण दिसत नाहीत. मला तर वाटलं, मास्टर्समध्ये ते जास्त घाईने आणि जास्त धाडसाने खेळतात, कारण सहा फ्रेम जिंकल्या की गोष्ट संपते. क्रूसिबलला पहिल्या तासात दोघंही एकमेकांना जोखत बसले होते. अर्थात दोन सत्रांवरून काढलेला हा निष्कर्ष किती धरायचा ते तुम्ही ठरवा.

भारतातून फक्त टीव्हीवर बघणार असाल तर माझं उत्तर उलटं आहे, हे सांगायलाच हवं. क्रूसिबलचं दुपारचं सत्र आपल्याकडे संध्याकाळी सातला सुरू होतं, जेवताना बघता येतं, आणि मॅच दुसऱ्या दिवशी पुढे चालू असली तरी तुम्ही घरीच आहात. मास्टर्सचं संध्याकाळचं सत्र मात्र आपल्या रात्री साडेबाराला. दुसऱ्या दिवशी ऑफिस असेल तर कठीण. आणि भारतातच एखादी स्पर्धा गाठायची म्हणाल, तर मार्च २०१५ मध्ये इंडियन ओपन मुंबईत झाली होती, मायकल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५–० हरवलं होतं. गेली काही वर्षं तो योग आलेला नाही. ज्या देशात, जबलपूरच्या छावणीत, १८७५ च्या सुमाराला हा खेळ जन्मला तिथल्या माणसाला तिकिटासाठी व्हिसा काढावा लागतो, याची दादाला भारी गंमत वाटते. अलेक्झांड्रा पॅलेस जळाल्यावर पुन्हा बांधून उघडलं तेही १८७५ मध्येच, हे मी त्याला सांगितलं, तेव्हा त्याने ते शुभचिन्ह ठरवलं.

तर माझ्याकडे दोन रात्री, दोन्ही सत्रांची तिकिटं आणि शेफील्डमध्ये ओळखीचं घर असतं, तर मी कदाचित पुन्हा क्रूसिबललाच गेलो असतो. ते तिन्ही कधी जमत नाही. येत्या जानेवारीत दादा परत येतोय, या वेळी वहिनीही. तिकिटं मी काढून टाकली आहेत, पुढून सहावी रांग, दुपारचं सत्र. काल फोनवर त्याने सगळं विचारून घेतलं, कोणता स्वेटर, बस कुठून, आत डबा नेऊ देतात का. मग म्हणाला, "आणि परतीची गाडी कितीची?"

म्हटलं, मॅच संपली की निघायचं.