एनर्जी ड्रिंक की ग्रीन टी?

५०० मिलीच्या एनर्जी ड्रिंकमध्ये साधारण १६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. ग्रीन टीच्या कपात ३०च्या आसपास. पण खरी मेख साखरेत आहे. अशा कॅनमध्ये बहुतेकदा ५० ग्रॅमच्या पुढे साखर, म्हणजे दहा-बारा चमचे! थंडगार असल्याने घटाघट पोटात जाते. मग छातीत धडधड, हाताला कंप, थोड्या वेळाने गळाठा. शुगर-फ्री घेतलं तरी कॅफीन तेवढंच, आणि त्यातलं निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात. संध्याकाळचा कॅन झोप खातो तो असा.

ग्रीन टी गरम, त्यामुळे घोट घोटच प्यावी लागते. चव कडवट, रिकाम्या पोटी काहींना मळमळतं. तरी रोजच्यासाठी माझं मत तिलाच. लहान मुलांना आणि गरोदरपणी कॅन नकोच.