गाव, लातूर की छावणी? नवरा मिशनला गेल्यावर बिऱ्हाड कुठे मांडायचं

मागच्या आठवड्यात मावसबहिणीचा फोन आला. भाऊजी फौजेत, त्यांचं नाव दक्षिण सुदानच्या यूएन मिशनला लागलंय. साधारण वर्षभराचा मामला, आणि तिथं फॅमिली नेता येत नाही. "ताई, गावाकडंच राहू, लातूरला खोली करू, का संभाजीनगरच्या छावणीकडं जाऊ?" तिची पोरगी दुसरीत, पोरगं तीन वर्षांचं. मी तिन्ही करून बसलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

गाव स्वस्त पडतं, हे खरंच. भाडं नाही, ज्वारी-डाळ घरची, लेकरांवर आजी-आजोबांची नजर. आमचे हे तिकडंच, दक्षिण सुदानच्या मलाकालला गेले तेव्हा पहिले चार महिने मी औसा तालुक्यात सासरीच होते. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. त्यांना रात्री आठला मोकळीक मिळायची, म्हणजे इथे साडेअकरा. घरात रेंज नाही, म्हणून शाल गुंडाळून माळवदावर जायचं. खाली सासूबाई जाग्याच. मी उतरले की एकच प्रश्न, "जेवलं का माझं लेकरू?" त्या चार महिन्यांतला हा आधार मी कशातच मोजू शकत नाही.

पण पोराला न्यूमोनिया झाला तेव्हा रात्री एकला चुलत दिराला उठवून गाडी काढावी लागली. शिवाय गावात नवऱ्याची सगळी कामं आपल्याच गळ्यात येतात. सोयाबीनची ई-पीक पाहणी, बँकेची केवायसी, भावकीतला बांधाचा वाद. यातलं निम्मं काम त्यांच्या सहीवाचून अडतं. मुखत्यारपत्र ते जायच्या आधी करून घ्या, मग कुठंही राहा.

लातूरला मी त्याआधी दोन वर्षं राहिले होते, हे फील्डला, म्हणजे फॅमिली नेता येत नाही अशा पोस्टिंगला असताना. लेकरू आठवीच्या पुढं असेल आणि डॉक्टरकी डोक्यात असेल, तर लातूरच. तिथल्या क्लासचा आणि अभ्यासाच्या वातावरणाचा दबदबा उगाच नाही. दुसरीतल्या पोरीसाठी मात्र तेवढं भाडं आणि क्लासची फी कशाला? पाण्याचं म्हणाल तर २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं, ते शहर आहे हे. खोली बघायला गेलात की फरशी-गॅलरी नंतर बघा, आधी विचारा बोअरला मे महिन्यात पाणी असतं का. माझ्या घरमालकानं "भरपूर" म्हणून सांगितलं होतं. एप्रिलातच टँकर सुरू झाला, वर्गणी आमची.

छावणीचा हिशोब वेगळाच. केंद्रीय विद्यालय, एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल, फौजींचं किराणा-सामानाचं कॅन्टीन, तिन्ही एका रिक्षाच्या अंतरात. लेकरू आजारी पडलं की डिपेंडंट कार्ड, म्हणजे फौजीच्या घरच्यांचं ओळखपत्र घेऊन एमएचला जायचं, बिलाची धास्ती नाही. शेजारीणही फौजीचीच, त्यामुळे "तुमचे साहेब कधी येणार?" असं कोणी उगाच खोदून विचारत नाही. क्वार्टर मिळेलच असं धरून चालू नका. मी पडेगावकडं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. शहराला जायकवाडीचं पाणी असूनही नळ रोज येत नाही, तेव्हा दोन पिंप आधी घ्या. आणि गाव लांब. औशाहून अडीचशे किलोमीटरच्या वर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालंय, पण दोन लेकरं आणि पिशव्या घेऊन तो प्रवास दिवस खातो.

तरी मी तिला छावणीच सांगितली, ती मिशनच्या वर्षासाठी नव्हे. मिशन संपल्यावर पोस्टिंग कुठं पडेल? जालंधर, तेजपूर, कुठंही. तिथं क्वार्टर मिळालं की सगळे बरोबर जाणार. एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात बदलीवर नाव घालणं सोपं जातं. गावच्या मराठी शाळेतून एकदम पंजाबात हिंदी-इंग्रजीत टाकलेलं लेकरू सहा महिने गप्प बसतं. माझ्या थोरल्याचं तसंच झालं. प्रवेशात बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना, म्हणजे फौजींनाही, पहिला क्रम असतो आणि मागच्या सात वर्षांतल्या बदल्या मोजतात, म्हणून त्यांचा दाखला युनिटमधून आधीच आणून ठेवा. दुसरीपासून पुढं मात्र वर्गात जागा असेल तरच. एवढ्यासाठी मार्चच्या आत शाळेत जाऊन विचारून या.

शिक्षण भत्ता तिन्हीकडं मिळतो, जानेवारी २०२४ पासून दरमहा प्रत्येकी २,८१२.५० रुपये, दोन मुलांपर्यंत. लेकरू वर्षभर शाळेत होतं असा शाळेचा दाखला वर्षाअखेर न विसरता घ्यायचा.

आणि कुठंही राहा, पार्ट टू ऑर्डरमधली, म्हणजे बायको-लेकरांची फौजेत नोंद होते त्या कागदातली नावं आत्ताच तपासा. आमच्या पोरीच्या आधार कार्डावर इंग्रजीत एक 'एच' जास्त होता, ऑर्डरमध्ये नव्हता. एमएचच्या खिडकीवरच्या बाबूनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, बोट ठेवून दाखवलं आणि परत दिले. दुरुस्ती युनिटमधूनच होणार, युनिट मलाकालला. पाच महिने लागले.

बहिणीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते सगळं खरं ताई, पण तिथं ज्वारीचं दळण मिळतं का? मामंजी गव्हाची पोळी खात नाहीत." म्हणजे सासरे बरोबर यायला तयार आहेत तर. ही गोष्ट तिनं पहिल्यांदा सांगायला हवी होती.