टायर बदलले आणि बॅटरीचा खर्च गळ्यात पडता पडता राहिला

२०२२ च्या सुमारास घेतलेल्या हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर बॅटरीच्या मोटरवरही चालणाऱ्या, गाड्यांचे कंपनीकडून बसवून आलेले पहिले टायर आता झिजत आले आहेत आणि कोल्हापुरातले अनेक गाडीमालक सध्या टायरच्या दुकानांच्या पायऱ्या चढत आहेत. त्यांच्यापैकी कुणाचीही माझ्यासारखी फसवणूक होऊ नये, म्हणून घडले ते सगळे सविस्तर लिहीत आहे. दुकानाचे नाव मी येथे देत नाही, कारण माझी तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे.

माझी गाडी टोयोटा हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, डिसेंबर २०२२ मध्ये घेतलेली. या गाडीचा प्रमाणित आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर असा आहे. तो प्रयोगशाळेतला आकडा असल्याने रस्त्यावर तेवढे ॲव्हरेज मिळेल अशी माझी अपेक्षा कधीच नव्हती. राजारामपुरीतून कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत रोजचे जाणे-येणे आणि महिन्यातून दोनदा गडहिंग्लजला आई-वडिलांकडे फेरी, एवढा माझा प्रवास. प्रत्येक वेळी टाकी फुल्ल करायची, लिटर आणि किलोमीटर वहीत लिहायचे आणि भागाकार करायचा ही सवय वडिलांनी स्कूटरच्या काळापासून लावलेली असल्यामुळे अडीच वर्षांची एकही नोंद सुटलेली नाही. शेवटच्या वर्षाची सरासरी लिटरला २२.६ किलोमीटर होती. हा आकडा वहीत नसता, तर पुढचे काहीच मला सिद्ध करता आले नसते.

जून २०२५ मध्ये, ४६ हजार किलोमीटर झाल्यावर, टायरच्या नक्षीची खोली मी कारखान्यातल्या डेप्थ गेजने मोजली. ती २ मिलिमीटर भरली. कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि पाऊस तोंडावर होता, त्यामुळे आणखी थांबण्यात अर्थ नव्हता. महामार्गालगतच्या एका मोठ्या दुकानात मी आधी फोन करून २१५/६० आर १७ हे माप सांगितले आणि ‘आहे साहेब, कंपनीचाच माल आहे’ असे उत्तर मिळाल्यावरच तेथे गेलो. भावही बाजारापेक्षा चार हजारांनी कमी सांगितला होता. चार टायरचे ४२ हजार रुपये ठरले, जुने चार टायर दुकानात ठेवून घेतले गेले, चाकांत नायट्रोजन भरल्याचे ४०० रुपये वेगळे लावले गेले. मला पुढच्या काचेच्या खोलीत बसवून चहा दिला आणि गाडी मागच्या शेडमध्ये नेली. बाहेर आली तेव्हा चारही टायर काळ्या पॉलिशने चकाकत होते. बिलावर फक्त ‘ट्यूबलेस टायर १७ इंची, ४ नग’ एवढेच लिहिले होते. मी ते घडी घालून खिशात ठेवले. ज्या माणसाची नोकरीच मालाची तपासणी करण्याची आहे, त्याने टायरच्या बाजूवर छापलेले माप वाचू नये, याचे मला आजही फार वाईट वाटते.

पहिल्या टाकीचे ॲव्हरेज २०.१ आले. नवे टायर आहेत, पाऊस सुरू झाला आहे, असे म्हणून मी सोडून दिले. नव्या टायरवर थोडी घट येते हे खरेच आहे, कारण झिजलेल्या टायरपेक्षा पूर्ण नक्षीचा टायर रस्त्याला टेकताना जास्त दबतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. ही घट पहिल्या काही हजार किलोमीटरनंतर कमी होत जाते. परंतु दुसरी टाकी १९.३ आणि तिसरी १९.४ वर थांबली. शिवाय पूर्वी तावडे हॉटेलपासून घरापर्यंत गाडी बराचसा रस्ता निव्वळ बॅटरीवर, इंजिन बंद ठेवून यायची, ती आता दर चढाला आणि दर सिग्नलनंतर इंजिन सुरू करू लागली. स्टिअरिंग पूर्ण वळवून गतिरोधकावरून नेले, की पुढच्या चाकाकडून घासल्याचा आवाजही येऊ लागला.

मी वही घेऊन त्याच दुकानात गेलो. मालकांनी वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. ‘हायब्रिड आहे साहेब, अडीच वर्षं झाली, बॅटरी उतरली असणार बघा. टायरचा काय संबंध?’ असे म्हणून त्यांनी जवळच्याच एका गॅरेजचा रस्ता दाखवला. तेथे एका मुलाने गाडीला स्कॅनर जोडला, पाच मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि ‘सेल कमजोर झालेत, बॅलन्सिंग करायला लागणार’ असा निर्णय दिला. तपासणीचे दोन हजार रुपये घेतले, त्याची पावती दिली नाही. पुढच्या कामाचा अंदाज ३८ हजार रुपये सांगितला आणि ‘आजच दहा हजार भरा, नाहीतर वाटेत बंद पडली तर बॅटरी पूर्ण बदलायला लागेल’ असेही बजावले. माझ्याबरोबर पत्नी आणि मुलगी होती. वाटेत बंद पडेल हे ऐकून मी पाकिटाला हात घातला होता. पत्नीने ‘आधी कंपनीला विचारू या’ असे म्हटले, म्हणून ते दहा हजार वाचले.

प्रत्येक हायब्रिड मालकाने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. या गाडीच्या हायब्रिड बॅटरीवर कंपनीची ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत वॉरंटी आहे. माझी गाडी तिच्या एक-तृतीयांशापर्यंतही पोहोचली नव्हती. बॅटरी खरोखर बिघडली असती, तरी मला एक रुपया द्यावा लागला नसता. उलट बाहेरच्या माणसाने ती उघडली असती, तर ती वॉरंटी माझ्या हातून गेली असती. त्यातून ही बॅटरी म्हणजे १७७ व्होल्टच्या पुढची वस्तू आहे. नारिंगी वेष्टनाच्या वायरींना प्रशिक्षण नसलेल्या माणसाने हात लावणे त्याच्या जिवावर बेतू शकते.

अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणीचा छापील अहवाल मिळाला, त्यात बॅटरी व्यवस्थित होती. गाडी परत देताना तेथील सल्लागार पुढच्या चाकापाशी वाकले आणि म्हणाले, ‘टायर बाहेरून बसवलेत का? माप वाढलंय.’ मी वाकून पाहिले. २२५/६५ आर १७. चाकाच्या वरच्या बाजूला आतल्या प्लॅस्टिकवर बोटभर रुंदीची घासलेली, गुळगुळीत झालेली पट्टी होती. हवाही दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेल्या आकड्यापेक्षा चारही चाकांत ५ ते ६ पीएसआयने कमी भरली. नायट्रोजन भरलेल्या चाकांना महिनाभर हात लावायचा नाही, असे दुकानातून मुद्दाम सांगण्यात आले होते आणि मी ते पाळले होते. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. महत्त्व दाबाला आहे, आणि तो दर पंधरवड्याला, गाडी थंड असताना पाहायलाच हवा.

त्या रात्री अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये गोणपाट अंथरून, मोबाईलचा दिवा लावून मी गाडीखाली शिरलो. टायर कधी तयार झाला हे सांगणारे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतात. त्यांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. बसवताना ती बाजू आत गेली असेल, तर उभ्या माणसाला ते आकडे दिसत नाहीत. माझ्या चारही टायरची ती बाजू आत होती. चिखल पुसल्यावर पहिला आकडा दिसला १८२१, म्हणजे २०२१ सालचा १८ वा आठवडा. दोन टायर १८२१ चे, एक १९२१ चा, एक २२२१ चा. नवे म्हणून विकलेला माल चार वर्षे गोदामात पडून होता. न खपलेले, वेगळ्या मापाचे टायर माझ्या गाडीत घालून गोदाम रिकामे केले गेले, आणि ती गोष्ट अंगावर येऊ लागली तेव्हा दोष बॅटरीवर ढकलला गेला.

मापाचा हिशेब कुणालाही घरी करता येतो. २१५/६० आर १७ मध्ये २१५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६० ही त्या रुंदीच्या टक्क्यांत बाजूची उंची आणि १७ हा रिंगचा इंचातला व्यास. त्यानुसार मूळ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६९० मिलिमीटर येतो, तर २२५/६५ चा ७२४. म्हणजे नव्याशी नवा तोलला तरी पाच टक्क्यांचा फरक. माझे जुने टायर झिजून ६७८ मिलिमीटरवर आले होते, म्हणून माझ्या बाबतीत हा फरक जवळपास सात टक्के झाला. चाक मोठे झाले की तेवढ्याच रस्त्यात ते कमी वेळा फिरते, आणि गाडी फेऱ्याच मोजत असल्यामुळे किलोमीटर कमी दाखवते. वेगाचा काटाही त्याच प्रमाणात कमी दाखवतो, ही महामार्गावर धोक्याची गोष्ट आहे. म्हणून माझ्या वहीतल्या १९.४ मध्ये काही घट केवळ मोजणीची होती. जुन्या मोजणीप्रमाणे तो आकडा २०.७ होतो. परंतु २२.६ वरून २०.७ ही आठ टक्क्यांहून अधिक घट खरोखर जळलेल्या पेट्रोलची होती, आणि ती जड व रुंद टायर, त्याचे रबर आणि कमी हवा यांनी मिळून केलेली होती.

रबर रस्त्याला टेकते तेथे दबते आणि पुढे सरकल्यावर पुन्हा मूळ आकारात येते. दबताना घेतलेली ऊर्जा ते पूर्ण परत देत नाही, काही भाग उष्णता होऊन जातो. यालाच रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो १० टक्क्यांनी वाढला, तर इंधनाच्या वापरात साधारण १ ते २ टक्क्यांचा फरक पडतो. गाडी बनवणाऱ्या कंपन्या प्रमाणित आकडा गाठण्यासाठी मुद्दाम कमी विरोधाचे टायर निवडतात, आणि दुकानात मिळणारा त्याच नावाचा टायर प्रत्येक वेळी त्याच रबराचा असतोच असे नाही. हायब्रिडमध्ये हे जास्त जाणवते. साध्या गाडीत ब्रेक लावताना आणि सिग्नलला उभे असताना बरीच ऊर्जा फुकट जाते. हायब्रिड ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत घेते आणि उभी असताना इंजिन बंद ठेवते, त्यामुळे उरलेल्या नुकसानीत टायरचा वाटा मोठा ठरतो. टायरने उष्णता करून घालवलेली ऊर्जा ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही, मग ती बॅटरीत परत कशी येणार? बॅटरी लवकर उतरते आणि इंजिन लवकर सुरू होते. घाईत असलेल्या माणसाला हेच लक्षण बॅटरीच्या बिघाडासारखे दिसते, आणि त्याचाच फायदा घेतला जातो.

टायर चढवण्यापूर्वीच, जमिनीवर असताना, त्याच्या दोन्ही बाजू स्वतः वाचाव्यात. पूर्ण माप, त्यापुढचा वजन आणि वेगाचा सांकेतिक आकडा आणि आयएसआय चिन्ह दरवाजाच्या पट्टीशी व माहितीपुस्तकाशी ताडून पाहावे. माझ्या गाडीच्या टायरवर ९६एच असे आहे, म्हणजे एका टायरला ७१० किलो भार आणि ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. तारखेचे आकडे असलेली बाजू, टायरची रचना परवानगी देत असेल तर, बाहेर ठेवायला सांगावी. बिलावर माप, टायरचे नाव आणि चारही तारीख-आकडे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये टायरचा रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरची पकड आणि आवाज यांसाठी एआयएस-१४२ हे मानक लागू केले, आणि फ्रिज-एसीवर तारे लावणाऱ्या बीईई या सरकारी संस्थेने टायरसाठीही ताऱ्यांची ऐच्छिक योजना आणली आहे. त्यामुळे ‘कमी विरोधाचा टायर कोणता’ हा प्रश्न दुकानात विचारायला संकोच वाटण्याचे कारण नाही. मात्र चार पैशांच्या पेट्रोलसाठी ओल्या रस्त्यावरची पकड कमी असलेला टायर घेऊ नये. आपल्याला पावसाळ्यात करूळ आणि आंबा घाट उतरायचे असतात.

दुकानाकडे मी बिल, वहीची पाने, टायरचे फोटो आणि बॅटरीचा अहवाल जोडून स्पीड पोस्टने लेखी मागणी पाठवली आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांनी दुकानाने टायर परत घेऊन २९ हजार रुपये देऊ केले. गाडीतल्या माणसांच्या जिवाचा प्रश्न असल्याने टायर लगेच बदलणे भाग होते, म्हणून ते पैसे मी ‘हक्क राखून’ असे लिहून स्वीकारले. उरलेली रक्कम आणि गॅरेजचे दोन हजार यांसाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज केला आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

आता गाडीवर योग्य मापाचे, बसवण्याच्या तीन महिने आधी तयार झालेले टायर आहेत. पहिल्या टाकीला २१.२ मिळाले, तीन हजार किलोमीटरनंतर २२.० झाले. मागच्या रविवारी आमच्याच इमारतीतले एक शेजारी, ज्यांनी त्याच दुकानातून टायर घेतले होते, माझ्याबरोबर गोणपाट घेऊन खाली आले. त्यांच्या गाडीचे माप बरोबर निघाले. तारखेची बाजू मात्र त्यांच्याही चारही चाकांना आतच होती, आणि चिखलाखाली आकडे होते ४०२०. त्यांची तक्रार आम्ही दोघांनी मिळून या आठवड्यात लिहायला घेतली आहे.