हत्तीपायाच्या गोळ्यांची मोहीम, आमच्या गल्लीचा अनुभव : 5 पैकी साडेतीन स्टार

आमचं गाव नांदेड जिल्ह्यातलं, परवा हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला आल्ते. फुकट असतंय म्हणून याच्यावर कोणी काही लिहीतच नाही, म्हणलं आपणच टाकू.

आधी चांगलं. आशाताईंचा दारातच पहिला प्रश्न, जेवलात का? उपाशीपोटी देतच नाहीत. मोठ्या माणसाला डीईसीच्या 3 आणि अल्बेंडाझोलची 1, ती चावून खायची. दोन वर्षाच्या आतलं लेकरू, गरोदर बाई, लई आजारी माणूस यांना नाही. मी म्हणलं ठेवून जा, रात्री घेतो, तर म्हणल्या "दादा, मागच्या सालच्या टीव्हीखालीच दिसायल्यात की अजून." गप गिळल्या. समोर गिळायला लावतात याला फुल मार्क.

एक स्टार कट कशाला, तर संध्याकाळी भावाला कणकण आली अन् डोकं दुखायलं. अंगात जंतू असले की ते मरताना असं होतंय, पण हे आधी कोणी नीट सांगितलंच नाही, मग काय, गल्लीत बोंब झाली गोळ्या खराब हैत म्हणून आणि पुढच्या चार घरांनी दारच उघडलं नाही.

रक्ताची तपासणी वेगळीच मजा. रात्री साडेदहाला आले, कुत्री मागं लागलेली. या जंतूची पिल्लं रात्रीच रक्तात वर येतात आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास पण रात्रीच चावतो, म्हणून ही वेळ. दिवसा चालणारी पट्टी आहे, पण ती अँटिजेन, म्हणजे जंतूनं रक्तात सोडलेला अंश पकडते, उपचार झाल्यावरही बरेच दिवस पॉझिटिव्हच दाखवते, मग आतला जंतू जिता हाय का मेला हे कसं कळावं?

खरी अडचण गोळीतच आहे बघा. ती मारते मुख्यतः पिल्लांना. थोरले जंतू लसिकेच्या (अंगातलं पाणी वाहून नेणाऱ्या) नळ्यांत 6 ते 8 वर्षं बसून पिल्लं घालत राहतात, म्हणून दरसाल हीच वारी. नागपूरला 2019 पासून आयव्हरमेक्टिन धरून तीन औषधं सुरू केली, त्यानं पिल्लं जास्त दिवस दबतात. थोरल्यांना मारायला डॉक्सिसायक्लिन आहे पण ते 4 ते 6 आठवडे रोज, गावभर कोण घेणार, आणि लहान लेकरांना चालत नाही. माझं म्हणणं, संशोधनाचा पैसा पहिला इथं घाला, दोन-चार दिवसात थोरला जंतू मारणारी गोळी काढा, न् जिता-मेला सांगणारी टेस्ट.

आमच्या आत्याचा पाय सुजून वीस वर्षं झाली, तिला गोळीनं काय फरक पडणार. तिला रोज साबणानं पाय धुणं, बोटांच्या फटी कोरड्या ठेवणं, पाय उशीवर घेणं यानंच ताप यायचा कमी झालाय.

आणखी अर्धा स्टार कट नालीपायी. हा रोग संपवायचं देशाचं टार्गेट 2027 आहे अन् आमच्या गल्लीतली नाली उघडीच, क्युलेक्सला असलंच घाण पाणी लागतंय. संडासाच्या पाईपाला जाळी मीच बांधली, आईची जुनी ओढणी फाडून.