भिंतीवरचं शेल्फ, कडप्पा आणि सायकलची ट्यूब: टर्नटेबलच्या घरगुती स्टँडचा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गिरगावातली जुनी इमारत, लाकडी तुळयांवर फळ्यांची जमीन. कोणी भराभर स्वयंपाकघराकडे गेलं की रेकॉर्डवरची सुई उडायची. अशा घरात जमिनीवर कितीही जड स्टँड ठेवा, खालची जमीनच हलते म्हटल्यावर तोही हलणारच. म्हणून टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, भिंतीवर चढवलं.

नऊ इंची विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर ठोकून दोन जाड लोखंडी ब्रॅकेट बसवले. त्यांवर १९ मिमीचा मरीन प्लाय, प्लायवर लहान मुलांच्या सायकलची १२ इंची ट्यूब, ट्यूबवर ४५ × ४० सेमी, २५ मिमी जाडीचा कडप्पा. दगडाचंच वजन बारा किलोच्या आसपास भरतं. ट्यूबचा व्हॉल्व्ह आतल्या बाजूला येतो, त्यामुळे प्लायला भोक पाडून तो खाली काढला.

भिंत आणि ट्यूब यांची कामं वेगळी आहेत, हे नीट समजून घ्या. माणूस साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो. माझा कडप्पा दाबून सोडला की सेकंदाला तीन-चार हेलकावे घेतो. हवेची ट्यूब ही एक स्प्रिंगच, आणि कुठलीही स्प्रिंग आपल्या वारंवारितेच्या (सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांच्या) सुमारे १.४ पटीच्या वरचीच कंपनं अडवते. त्याखालची तशीच वर पोचतात, काही तर वाढूनही. म्हणजे पावलांचा मूळ हादरा ट्यूब रोखूच शकत नाही, तो भिंतीमुळे टळतो. ट्यूबचा फायदा त्याच्या वर, विशेषतः ८ ते १२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ ते १२ कंपनांच्या, पट्ट्यात. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (त्याच्या टोकाचा, सुई बसवलेला भाग) मिळून साधारण तिथेच थरथरतात. हवा मात्र दगड जेमतेम तरंगेल इतकीच भरा. टणक ट्यूब काही कामाची नाही.

फरक तपासायची सोपी रीत: रेकॉर्ड थांबलेली असताना सुई तिच्यावर टेकवा, आवाज बेताने वाढवा आणि शेल्फवर बोटाच्या पेराने ठोका. पूर्वी टेबलावर असं केलं की स्पीकरमधून धप्प आवाज यायचा. आता प्लायवर ठोकलं तर अगदी पुसटसं काहीतरी ऐकू येतं. संथ आलापाखालचा तानपुरा इतका स्वच्छ लागतो की त्यासाठी केलेली सगळी खटपट सार्थकी लागली.

देखभाल आहेच. ट्यूबमधली हवा हळूहळू उतरते, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पंपाचे चार झटके मारायचे आणि प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या चकतीवर, स्पिरिट लेव्हल ठेवून पाहायचं. एक बाजू झुकत असेल तर टर्नटेबल दगडावर बोटभर सरकवलं की भागतं. पावसाळ्यात प्लाय फुगला नाही, पण रबराने पॉलिशवर काळं कडं उमटवलं. आता मध्ये सनमायकाचा तुकडा घातलाय. रेकॉर्ड बदलताना कडप्पा डुलतो, तो थांबेपर्यंत सुई टेकवू नये.

स्पीकरमधून हवेतून येणारी कंपनं हा स्टँड अडवत नाही. माझे स्पीकर समोरच्या भिंतीपाशी आहेत, ते तिथेच राहणार. आणि घरात चार इंची पार्टिशनची भिंत असेल तर हा घाट घालू नका. तीही थरथरते, शिवाय एवढं वजन तिच्यावर टांगणं धोक्याचं.