मेंढीचं भ्रूण प्रत्यारोपण करून घेतलं, त्याबद्दल

आमची एक माडग्याळी मेंढी उंच, नाकाड देखणं, अंगात दूध भरपूर. पण वर्षाला कोकरू एकच. तिचा वंश लवकर वाढावा म्हणून एका खासगी पथकाकडून भ्रूण प्रत्यारोपण करून घेतलं, म्हणजे तिच्या पोटात तयार झालेले कोवळे गर्भ काढून दुसऱ्या मेंढ्यांच्या पोटात वाढवायचे.

कामाला पैकीच्या पैकी गुण. माज रोखून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा स्पंज बारा-चौदा दिवस मेंढीच्या योनीत ठेवतात. तो काढायच्या सुमारास एका वेळी जास्त बीजं पिकवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाची इंजेक्शनं दर बारा तासांनी, मात्रा उतरती. पहाटेची वेळ चुकू नये म्हणून त्यांचा माणूस रात्री आमच्या वस्तीवरच मुक्कामी राहिला. एखादी मेंढी डझनभर बीजं देते, एखादी एक-दोनावर थांबते, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. खोटी आशा दाखवली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

माजानंतर सहाव्या दिवशी भूल देऊन भ्रूण काढले. सहा मिळाले, त्यातले चार चांगले निघाले. ज्यांच्या पोटात ते सोडायचे, त्या मेंढ्यांनाही त्याच दिवसांत स्पंज आणि पीएमएसजी या संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन बरोबरीनं माजावर आणलं होतं. डॉक्टरांनी प्रत्येकीचं अंडाशय दुर्बिणीतून तपासलं आणि मलाही दाखवलं: डाळिंबाच्या दाण्यासारखा लालसर पिंड, म्हणजे तिथून बीज सुटल्याची खूण. तो ज्या बाजूला, त्याच बाजूच्या गर्भशिंगात, म्हणजे गर्भाशयाच्या फाट्यात, भ्रूण सोडायचा. पिंड न दिसलेली एक मेंढी त्यांनी तिथल्या तिथं बाजूला काढली. तिच्यात भ्रूण सोडून बिल वाढवता आलं असतं, पण तसं केलं नाही. चौघींपैकी दोघी गाभण राहिल्या.

तक्रार एकच, पण खरी. दर भ्रूणामागे सांगितला होता. भूल, औषधं, सोनोग्राफी यांचे पैसे वेगळे, हे नंतर कळलं. मेंढपाळाकडे रोख जेमतेम असते. सगळा खर्च सुरुवातीलाच कागदावर लिहून द्यायला हवा.

सगळी कोकरं एकाच हंगामात हवीत, एवढंच असेल तर स्पंज आणि एक इंजेक्शन पुरतं, पोट उघडायची गरज नाही. जुळी हवी असतील तर आधी फलटणच्या निंबकर संस्थेची 'नारी सुवर्णा' ही मेंढी बघून या. बंगालच्या गॅरोल मेंढीतला जुळ्यांचा जनुक तिच्यात आणलाय. प्रत्यारोपण करायचं ते कळपातल्या निवडक मेंढीसाठीच, आणि तेही या पथकाकडून बेलाशक करा. मात्र एकाच मेंढीवर वारंवार शस्त्रक्रिया करू देऊ नका. आत आतडी-गर्भाशय चिकटतात आणि पुढचं वेत धोक्यात येतं.