रूपकुंडच्या नावावर आमचे ९३,५०० गेले

'रूपकुंड, माणशी १७,५००, काठगोदाम ते काठगोदाम' अशी उत्तराखंडातल्या ट्रेकची जाहिरात तुमच्या ग्रुपवर आली असेल तर तिच्या नादी लागू नका. आम्ही पाच जण त्यात लुटले गेलो. आधी २५,००० आगाऊ, मग 'जागा भरताहेत' म्हणून ६२,५००, आणि निघायच्या आदल्या रात्री परमिट-विम्याच्या नावानं ६,०००. काठगोदाम रेल्वे स्टेशनला उतरलो तर गाडी नाही, फोन बंद. पदरच्या पैशानं लोहाजंग गाठलं, जिथून हा ट्रेक सुरू होतो ते गाव. तिथं आमच्या नावाचं बुकिंग कुणाकडेच नव्हतं.

एक ओळ मात्र अजून झोपू देत नाही. जाहिरातवाल्यानं पाठवलेल्या पीडीएफमध्ये ठळक लिहिलं होतं, 'मुक्काम बेदिनी बुग्याल, तंबूत.' उत्तराखंड उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०१८ मध्येच बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या त्या कुरणांवर, रात्री राहायला बंदी घातली. जिथं तंबू ठोकायचीच मनाई, तिथला मुक्काम हा माणूस विकत होता! लोहाजंगच्या चहावाल्यानं ते एका वाक्यात सांगितलं. आम्ही पाचही जणांनी ती ओळ वाचली होती, आणि तिथं थंडी किती असेल यावर बोलत बसलो होतो.

आम्ही काही नवखे नाही. अस्तंभा, तोरणमाळ, साल्हेर पायाखालचे आहेत. पण तो अहिराणीत बोलायचा, 'मी शे ना, भाऊ!' आपल्या बोलीतल्या माणसाकडे कोण कागद मागतो? मागा. नोंदणी मागा, लोहाजंगच्या स्थानिक गाइडचा नंबर मागा आणि त्याला स्वतः फोन करा. क्यूआर स्कॅन केल्यावर कंपनीऐवजी भलत्याच बाईचं नाव आलं, तेव्हा मी विचारलंही होतं. 'अकाउंटंटचं खातं आहे' म्हणाला. असं उत्तर आलं की एक रुपयाही पाठवू नका.

आणि पोलीस! 'पैसे तुम्हीच पाठवले ना? खातं डेहराडूनचं, तिकडे जा.' जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडो, तक्रार नोंदवून घ्यायची. ते दाखवलं तर 'कायदा आम्हाला शिकवू नका.' बँकेनं पोलिसांचं पत्र मागितलं, पोलिसांनी बँकेचं. या खेपांमध्ये महिना गेला. खातं तोवर रिकामं. फोन बंद लागला की तिथंच, रेल्वे स्टेशनवर उभं राहून १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, घरी पोचायची वाट पाहू नका.

त्या जाहिरातीतलेच फोटो आता 'केदारकांठा, डिसेंबर' अशा दुसऱ्या ट्रेकच्या नावानं फिरताहेत, नंबर तेवढा वेगळा. चाळीसगाव-भुसावळकडच्या पोरांनो, बोलणं अहिराणीत असेल तरी पैसे पाठवू नका.